चिंधी व्हायच्या आधी शर्ट गाठायचा: कोल्हापुरात जुने कपडे आणि कामाचे शर्ट कसे शोधावेत

उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं पंपाचा शाफ्ट करायला टाकला होता. मिस्त्रींनी काम संपवलं आणि हात पुसायला घेतले. हातातली चिंधी म्हणजे एका शर्टाचा पुढचा अर्धा भाग होता. झाकणाचा एक खिसा, आणि खांद्याच्या जोडावर शेजारी शेजारी तीन शिलाया. कापड निळं, जाड, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. असा शर्ट मी दोन वर्षं शोधत होतो.

"मामा, ह्या चिंध्या कुठनं आणता?"

"किलोवर मिळत्यात की. पोतंच घेतोय आमी."

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. व्हिंटेजची पाटी लावलेलं दुकान हुडकत मी महाद्वार रोड आणि राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो, आणि माल मात्र भलत्याच वाटेनं जात होता. जुना शर्ट आधी घरातल्या ट्रंकेत पडतो, मग भांडीवालीच्या गाठोड्यात, मग निवड होऊन बाजारात, आणि शेवटी बटणं काढून कुणाच्या तरी मशीनवर तेल पुसायला. या वाटेवर त्याला कुठं अडवायचं, हेच ठरवायचं असतं. जितकं आधी अडवाल तितका शर्ट धड, जितकं उशिरा तितका स्वस्त.

आधी स्वतःचं माप

जुन्या शर्टाच्या लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. ४२ लिहिलेला शर्ट आटून ४० झालेला असतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा ४२ आजच्या ४२ सारखा नसतोच. घरात तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट बटणं लावून टेबलावर पसरा. बगलेच्या एक इंच खाली, एका बाजूच्या शिलाईपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टेप लावा. २२ इंच आले तर शर्टाची छाती ४४. मग खांदा, बाही आणि कॉलरखालच्या शिलाईपासून घेरापर्यंत पाठीची लांबी मोजा. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि खिशात शिंप्याचा टेप ठेवा. बाजारात कपडे घालून बघायला आडोसा नसतो, म्हणून जाताना पातळ बनियन किंवा टी-शर्ट घालून जा, म्हणजे वरून चढवून बघता येतं.

बाजू आत घेता येते, बाही आखूड करता येते, लांबी कमी करता येते. खांदा मोठा निघाला तर मात्र नाद सोडा. तो उतरवायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, आणि तेवढ्या मजुरीत दुसरा शर्ट येतो. लहान शर्ट मोठा करणं तर जवळजवळ अशक्य, शिलाईच्या आत अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापड क्वचितच सुटलेलं असतं. कामाचा शर्ट अंगापेक्षा चार-पाच इंच सैलच हवा. हात वर करून फळीवरचा डबा काढताना शर्ट पँटमधून निघाला तर तो कामाचा नव्हे.

पहिला टप्पा: घरातली ट्रंक

सगळ्यात चांगला माल पाहुण्यांच्या माळ्यावर असतो. एसटीतून, साखर कारखान्यातून, फाउंड्रीतून निवृत्त झालेली माणसं कोल्हापुरात घरटी एक निघतील. शाहू मिलमध्ये कामाला असलेल्यांची घरं आहेत. राजर्षी शाहूंनी १९०६ साली उभी केलेली ती गिरणी आता बंद आहे, पण तिथल्या माणसांच्या ट्रंका नाहीत. खाकी ड्रिलचे शर्ट, जाड सुती सदरे, क्वचित लोकरीचा कोट, असं काहीबाही डांबरगोळ्यांच्या वासात निजलेलं असतं.

मागताना एक भान ठेवा. गेलेल्या माणसाचे कपडे द्यायचे नाहीत, अशी काही घरांत रीत असते. तिथं एकदा विचारावं, "राहू दे की" म्हटलं की चहा पिऊन उठावं. मला माझ्या आत्यानं काकांचा शर्ट दिला तो विचारल्यानंतर तब्बल आठ महिन्यांनी, स्वतःहून, इस्त्री करून.

दुसरा टप्पा: भांडीवाली मावशी

डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची पातेली आणि डबे, आणि "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ" अशी हाळी. बोहारीण म्हणा, भांडीवाली म्हणा, जुन्या कपड्यांची पारख तिच्याइतकी कुणाला नसेल. दारात बसून ती पँट उजेडाकडं धरते, गुडघ्यावर बोट फिरवते, साडीची जर नखानं खरवडते आणि दोन वाक्यांत भाव पाडते. तिच्याकडून पारख शिकायची तर दोन वेळा तिच्या शेजारी नुसतं बसा.

तुम्ही कपडे देणारे नाही, घेणारे आहात, हे तिला सरळ सांगा. "मावशी, जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आला तर बाजूला ठेवा, भांड्यापेक्षा जास्त देतो." पहिल्या वेळी ती हसेल. दुसऱ्यांदा विचारेल, कसला शर्ट. म्हणून मोबाइलमध्ये फोटो ठेवा किंवा अंगातच तसला शर्ट घालून जा. 'वर्क शर्ट' म्हणून काही कळत नाही, अंगातल्या शर्टाची बाही तिच्या हातात दिली की लगेच कळतं.

तिसरा टप्पा: रविवारचा बाजार

लक्ष्मीपुरीत रविवारी बाजार भरतो. भाजी, धान्य, मिरचीच्या गर्दीतून कडेकडेनं फिरा. जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून बसणाऱ्यांची जागा पक्की नसते, आज इथं तर पुढच्या रविवारी चार दुकानं पलीकडं. म्हणून जागा लक्षात ठेवण्यापेक्षा माणूस लक्षात ठेवा. सकाळी लवकर जा. गाठोडं सुटताना तिथं असलात तर पहिला हात तुमचा. ऊन चढल्यावर उरतात ते टेरिकॉटचे सफारी आणि एक बटण नसलेले शाळेचे गणवेश.

पुण्याला जाणं होत असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी असतो. तिथं माल जास्त, तसेच हौशी गिऱ्हाईकही जास्त, त्यामुळं भावही शहरी. मुंबईचा चोरबाजार वस्तूंसाठी बघण्यासारखा आहे, निव्वळ शर्टासाठी रात्रभराचा प्रवास मी करणार नाही.

वाकडी वाट: न विकलेला माल

यावर थोडं थांबतो, कारण इथं मला सगळ्यात जास्त मिळालं. जुना पण कुणीही न घातलेला शर्ट. गांधीनगरला कापडाची आणि तयार कपड्यांची घाऊक पेठ आहे. सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेली, कोल्हापूरला लागूनच. समोरच्या काचेत काय लावलंय ते बघू नका. दुकानदार मोकळा असेल अशा वेळी, लग्नसराई आणि दिवाळी सोडून, आत जा आणि विचारा, "वरच्या माळ्यावर जुना पडून असलेला माल आहे का? सुती, जाड, कामाचे शर्ट?" दहा दुकानांपैकी आठ जण नाही म्हणतील. नवव्यात पोऱ्या शिडी लावेल.

असा माल घेताना घडी उलगडून बघा. घडीच्या रेषेवर पिवळा पट्टा पडलेला असतो, तो बहुतेक वेळा निघतो. पण त्याच रेषेवर कापड चिरत असेल तर तो शर्ट पहिल्या धुण्यात दोन तुकडे होईल. कॉलरला लावलेल्या टाचण्यांचा गंज उतरलेला असतो, तोही बघा. आणि एक धोका: जुनं कोरं कापड आटवलेलं नसेल तर धुतल्यावर आठ-दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. २८ इंच लांबीचा शर्ट २६ वर येतो. 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का असेल तर चिंता नाही, गिरणीतच कापड यंत्रानं आटवून देण्याची ती पद्धत, १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅन्फर्ड क्लुएट यांनी काढलेली. शिक्का नसेल तर एक माप मोठं घ्या. वापरलेल्या शर्टाला हा प्रश्न नाही, तो आटायचा तेवढा आटून झालेला असतो.

चौथा टप्पा: चिंध्यांचं पोतं

अगदी शेवटचा उपाय. मशीन पुसायच्या चिंध्या किलोवर विकणाऱ्यांकडं शर्ट कापायच्या आधी पोहोचलात तर बघू देतात, पण त्यांचा वेळ खाऊ नका. दहा किलोंतून एखादा निघाला तर नशीब. बटणं आधीच काढलेली असतात. निर्यातीतून उरलेले शर्टही कधी कधी यात सापडतात. लेबलवर 'आरएन' ही इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडा दिसला तर तो अमेरिकन बाजारात नोंदलेल्या कंपनीचा क्रमांक आहे एवढं समजा. त्यावरून वय ठरत नाही.

शर्ट हातात घेतल्यावर

घाई करायची नाही अशी ही एकच पायरी आहे. मी एकदा भर गर्दीत, पालाखालच्या सावलीत, गडद निळा शर्ट दीडशेला घेतला. घरी येऊन गॅलरीत धरला तर पाठीवर आभाळ दिसत होतं. वाळत घालताना पिळला आणि चर्र करून खांद्यापासून खाली गेला. विकणाऱ्याचा दोष नव्हता, मीच बघितलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम, सावलीतून बाहेर या आणि पाठीचा भाग उन्हाकडं धरा. चाळणीसारखे बारीक उजेडाचे ठिपके सगळीकडं सारखे दिसले तर ती विणच आहे. एखाद्या पट्ट्यात जास्त उजेड येत असेल, विशेषतः पाठीवर खांद्याच्या पट्टीखाली, तर कापड तिथं विरलंय. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून हलकेच ताण द्या. बारीक आवाज आला तरी परत ठेवा.

मग कॉलर. घडीच्या कडेवर दोरे फुटलेले असतात, त्याला घाबरू नका, कॉलर उलटून मिळते. कॉलरची मागची, कधीच न दिसणारी बाजू बघा, ती शाबूत हवी. बगलेत वास घ्या, लाज वाटू देऊ नका. घामानं कापड कडक आणि पिवळं झालं असेल तर ते तिथंच फाटणार. कोपर, कफची कड, आणि खिशाचे वरचे दोन कोपरे बघा.

खिसा उलटा करून तळाशी बोट घाला. कोल्हापूरच्या शर्टात तंबाखूचा चुरा आणि चुन्याची पांढरी भुकटी निघाली तर ती धुतली जाते. पण करड्या रंगाची बारीक, मऊ माती शिवणीत अडकलेली दिसली आणि कुबट वास आला तर हा शर्ट पुराच्या पाण्यात राहिलेला असू शकतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी पेठांमध्ये शिरलं होतं, आणि कपाटं भिजलेली घरं काही थोडीथोडकी नव्हती. असा शर्ट धुऊन वापरता येतो, मात्र काळे बारीक ठिपके पडलेले असतील तर ती बुरशी, ती सुती कापडातून पूर्ण जात नाही.

आता शिलाई. शर्ट उलटा करा. चांगल्या कामाच्या शर्टाच्या बाजूच्या शिवणीत कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून आत घेतलेल्या असतात, उघडी कड कुठंच दिसत नाही. वरून दोन किंवा तीन समांतर शिलाया दिसतात. स्वस्त शर्टात आतली कड ओव्हरलॉकच्या जाळीदार दोऱ्यानं बांधलेली असते. त्यानं शर्ट टाकाऊ ठरत नाही, पण तेवढा जास्त भाव देऊ नका. काही जुन्या शर्टांना साखळी टाका असतो, आतून बारीक साखळीसारखा दिसणारा. तांदळाच्या पोत्याचं तोंड कसं एक दोरा ओढला की सरसर उसवत जातं, तेच तंत्र. सुटलेला दोरा दिसला तर ओढू नका, गाठ मारा.

बटण ओठाला लावून बघा. शिंपल्याचं बटण गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. बाजारात लोक बघतात, बघू देत.

सुती की टेरिकॉट हे हातानं कळतं, चुरगाळून मुठीत पाच सेकंद धरा. सुती कापड सुरकुत्या धरून ठेवतं, टेरिकॉट पुन्हा सपाट व्हायला बघतं. खात्री करायची तर घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एक दोरा चिमट्यात धरून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

वय कसं ओळखायचं

शिंप्याचं किंवा दुकानाचं लेबल नीट वाचा, त्यावर तारीख नसते पण पत्ता असतो. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर शर्ट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड सुरूच त्या दिवशी झाला. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढं नुसता विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असायचा. इंग्रजीत 'मुंबई' लिहिलं असेल तर बहुधा १९९५ नंतरचा. पण 'बॉम्बे' असल्यानं जुना ठरत नाही, ते नाव पुढं कितीतरी वर्षं छापत राहिले. टेलिफोन नंबर तीन-चार आकडी असेल तर हसत घ्या.

परदेशी माल असेल तर दोन खुणा. अमेरिकेत कपड्यावर धुण्याच्या सूचनांचं लेबल सक्तीचं झालं १९७२ मध्ये. आणि लिव्हाइसच्या लाल पट्टीवर नावातलं इंग्रजी 'ई' मोठ्या लिपीत असेल तर तो माल १९७१ पर्यंतचा धरतात. कोल्हापुरात असा मला एकही मिळालेला नाही, आणि नकली पट्टी शिवायला दोन मिनिटं लागतात. तसंही, ज्या 'डंगरी' शब्दानं जगभर कामाचे कपडे ओळखले जातात, तो मुंबईच्या डोंगरीतल्या जाड सुती कापडावरून गेलाय. मग बाहेरच्या पट्टीसाठी एवढा जीव का टाकायचा?

एक सावधगिरी. पोलिसांचा किंवा लष्कराचा खरा गणवेश गाठोड्यात दिसला तर घेऊ नका. तो घालून आपण त्यातले असल्याचं भासवणं गुन्हा आहे, आणि नाक्यावर समजावत बसायची हौस कुणाला?

भाव

ढिगाऱ्यातून एकच शर्ट उपसून "केवढ्याला?" म्हटलं की भाव चढतो. आधी तीन निवडा, त्यात खरा हवा असलेला मधे ठेवा. "तिन्हीचं मिळून सांगा दादा." मग एक परत ठेवा. मला बाजारात साधा सुती शर्ट ६० ते १५० रुपयांत मिळत आलाय, न वापरलेला जुना माल २५० ते ४०० पर्यंत. घासाघीस करा पण वीस रुपयांसाठी अर्धा तास नको. पुढच्या रविवारी त्याच माणसाकडं जायचंय. उपसलेला ढीग पुन्हा घडी घालून ठेवा, हे एवढं केलं तरी तुम्ही लक्षात राहता.

घरी आणल्यावर

पिशवी थेट कपाटात नेऊ नका. शिवणीत ढेकणाची अंडी असू शकतात. अंगणात किंवा गॅलरीत पिशवी उघडा, झटका, आणि सरळ बादलीत टाका. पहिला तास गार पाणी. रक्ताचे किंवा घामाचे डाग आधीच गरम पाण्यात गेले तर पक्के बसतात. त्यानंतर सुती शर्ट कडकडीत पाण्यात, धुण्याच्या सोड्यात अर्धा तास. गडद निळा असेल तर वेगळा भिजवा, नाहीतर बनियनं आकाशी होतील. वाळताना उलटा करून सावलीत, पांढरा असेल तर खुशाल उन्हात.

तेलाच्या डागावर भांडी घासायचा लिक्विड साबण चोळून रात्रभर ठेवा. गंजाला लिंबू, मीठ आणि ऊन. ब्लीच वापरायचंच असेल तर फक्त पांढऱ्या सुतीवर, आणि लिंबू किंवा व्हिनेगरबरोबर कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो.

दुरुस्ती, आणि शेवटी नवा शिवणं

रस्त्याकडेला मशीन घेऊन बसणारे अल्टरवाले या कामात मोठ्या दुकानांपेक्षा हुशार असतात. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांत आणि दिवाळीआधी त्यांच्याकडं जाऊ नका. कॉलर उलटायला सांगा: कॉलर पट्टीतून उसवायची, फाटकी बाजू आत घालायची, पुन्हा शिवायची. तरुण शिंपी तोंडाकडं बघतात, वयस्कर हसून घेतात. रफू करायचा असेल तर दोरा त्याच शर्टाच्या आतल्या दुमडीतून काढायला सांगा, रंग आपोआप जुळतो. विरलेल्या कोपराला रफू नको, आतून त्याच जाडीच्या कापडाचा तुकडा लावा.

आणि मनासारखा शर्ट सापडला, तर तोच मापाला देऊन नवा शिवून घ्या. कापडासाठी इचलकरंजी जवळच आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाचं नाव कापडाशीच जोडलेलं आहे. ३६ इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटर, ५८ इंच असेल तर एक मीटर साठ सेंटिमीटर. झाकणाचे दोन खिसे हवे असतील तर थोडं वाढवून घ्या. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. शिंप्याला शिवण उलटी करून दाखवा, "हे असंच पाहिजे, ओव्हरलॉक नको," आणि तीन सुईची मशीन नसेल तर दोन वेळा वेगवेगळ्या शिलाया मारायला सांगा.

मापाला दिलेला शर्ट परत आणायला मात्र विसरू नका. आत्यानं दिलेला तो काकांचा शर्ट मी मापाला टाकून आलो, नवा शर्ट आनंदानं घेऊन घरी गेलो. पंधरा दिवसांनी आठवण झाली तेव्हा दुकानात तो कुणालाच सापडेना. परवा त्या दुकानातल्या पोऱ्यानं मशीनला तेल घातलं आणि पुसायला खालून एक चिंधी काढली. मी वाकून रंग बघितला. तो नव्हता.